अख्खी गिळावी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी एकशे बारा गोळ्या कापल्या. अठ्ठावीस गोळ्यांचं एक, अशी चार खोकी. मी पोचले तेव्हा तीन झाली होती आणि चौथं, त्यांचं स्वतःचं, टेबलावर होतं.

बाबा घड्याळजी होते. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं आणि दुकानातलं टेबल तेवढं घरी आणून खिडकीपाशी लावलं. आई म्हणायची, "माणूस निवृत्त झाला, टेबल काही झालं नाही." पहिले काही महिने ते आमच्याच घरातली घड्याळं पुन्हा पुन्हा उघडत राहिले, इतकी की शेवटी एकही नीट चालेना. मग त्यांना गोळ्या सापडल्या.

त्यातलं गणित साधं होतं. सरकारी यादीतलं औषध घेतलं की रुग्णाने खोक्यामागे एक ठरावीक रक्कम भरायची, उरलेली किंमत सरकार भरतं. आतली गोळी लहान डोसाची असो की दुप्पट डोसाची, रुग्णाची रक्कम तीच. मग डॉक्टरांनी दुप्पट डोसाची गोळी लिहून दिली आणि घरी तिचे दोन भाग केले, तर एका खोक्यात दोन महिने निघतात. यात लपवाछपवी नव्हती. डॉक्टर स्वतःच विचारत, "कापून घ्याल ना?" अडचण एवढीच की म्हाताऱ्या माणसाने भाजीच्या सुरीने गोळी कापली की एक तुकडा कपाटाखाली जातो आणि दुसऱ्याचा भुगा होतो. बाबांनी त्यासाठी पितळेचा बोटाएवढा साचा बनवला होता. गोळी त्यात घट्ट बसायची, वरून दाढीच्या पात्याचा तुकडा सरळ खाली यायचा. दोन्ही अर्धी इतकी सारखी की कोणती उजवी आणि कोणती डावी ते सांगता येऊ नये.

आमची इमारत चार मजल्यांची, आणि बहुतेक दारांमागे पेन्शनवर भागवणारी माणसं. रविवारी सकाळी लोक खोकी घेऊन येत. बाबा एक पैसा घेत नसत. घड्याळाचे सुटे भाग ठेवायच्या काचेच्या झाकणांच्या गोल डब्या त्यांच्याकडे शेकड्यांनी होत्या. त्यांत अर्ध्या गोळ्या भरून, वर मजला आणि दार लिहून ते परत देत.

त्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरचे टपालकाका आपली डबी घेऊनही उठले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहून काढल्यामुळे आता ते कुणाच्याही घरी बसले की बसूनच राहत.

"या, वाचनालय आलं," बाबा मला बघून म्हणाले.

"काय वाचतेस सध्या?" काकांनी विचारलं.

"ती काय वाचणार? त्या पातळ कादंबऱ्या," बाबा म्हणाले.

औषधाच्या खोक्यात जो घडी घातलेला कागद असतो, तो छापून होण्याआधी तपासणं हे माझं काम. पत्रक म्हणतात त्याला. मुंगीएवढी अक्षरं, कांद्याच्या सालीसारखा कागद, आठ घड्या. मी घरी आवडीने मोठमोठाली पुस्तकं वाचते आणि पोटासाठी हे वाचते. बाबा त्यांना माझ्या पातळ कादंबऱ्या म्हणत आणि न उघडता टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारत.

"पण शेवट काय असतो हो त्यांचा?" काका म्हणाले.

"शेवटी सगळे दुष्परिणाम."

काका इतके हसले की आई आतून बघायला आली. तिने माझ्या हातात चहाचा कप दिला, काकांच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं, आणि तो उचलून नेला. हा जाण्याचा इशारा होता. काकांनी तो कानामागे टाकला.

बाबांनी चौथं खोकं उघडलं. "कंपनी बदलली बघ. पुन्हा."

सरकार दर सहा महिन्यांनी भाव मागवतं आणि ज्या कंपनीचा भाव सगळ्यांत कमी, तिची गोळी यादीत राहते. आधीची हवी असेल तर पूर्ण किंमत खिशातून. त्यामुळे खोक्यांचे रंग बदलत राहतात. बाबांची हृदयाची गोळी दोन वर्षं निळ्या खोक्यातून यायची. आता हिरवं होतं.

"आधीची देखणी होती. मधोमध रेघ होती. हिला रेघच नाही," ते म्हणाले आणि गोळी साच्यात ठेवून कापली. लोकांच्या गोळ्या ते झटपट कापून देत, स्वतःची मात्र निरखत; सवयीने त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि अर्धी गोळी चिमट्यात धरून उजेडाकडे नेली. बराच वेळ बघत राहिले. "इकडे ये गं. आत बघ."

मी भिंग लावलं.

"आधीची आतून दाणेदार होती. खसखशीसारखी. मी कितीदा पाहिलंय. ही आतून सपाट आहे, खडूसारखी. का गं? आतलं बदललंय का?"

मला उत्तर माहीत होतं. हिरवं खोकं मी ओळखलं होतं. त्याचं पत्रक आमच्याच छापखान्यात झालं होतं आणि मी त्याची चार प्रुफं वाचली होती. त्यात, तिसऱ्या घडीवर, वाक्य होतं: ही गोळी मोडू नये, चावू नये, अख्खी गिळावी. घडी नेमकी त्या ओळीवर पडत होती, म्हणून ते वाक्य एक ओळ वर घ्यायला मीच सांगितलं होतं.

"कंपनी वेगळी आहे ना," मी म्हटलं. "औषध तेच."

असं का म्हटलं, याची कारणं माझ्याकडे आहेत आणि ती नंतर मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहिली. एक म्हणजे, ते वाक्य निम्म्या पत्रकांत असतं. वर्षानुवर्षं वाचून त्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचायचा थांबला होता. शब्द बरोबर आहेत एवढंच दिसायचं. दुसरं, महिन्यापूर्वी मी लोकांसमोर बाबांना सांगितलं होतं की अमुक कॅप्सूल उघडायची नसते. कॅप्सूल त्यांनी खाली जाऊन परत दिली होती आणि मला आठवडाभर फोन केला नव्हता. आता काका समोर बसले होते. तिसरं, मी दमले होते. यातलं खरं कारण कोणतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबांचं समाधान झालं नव्हतं. "औषध तेच, बरं. पण मग ते लोक दाणे का घालत होते? उगाच कोण कशाला दाणे करत बसेल? काम वाढतं. घड्याळात बघ, एक स्क्रू उगाच नसतो. असला, तर आपल्याला कळलेला नसतो."

"तुम्ही कंपनीला पत्र लिहा," काका म्हणाले. "मी टाकतो पेटीत. सवय आहे."

बाबा हसले आणि उरलेल्या सत्तावीस गोळ्या कापल्या.

बाकी दिवस नेहमीसारखा गेला. आम्ही जेवलो, ते पेपर तोंडावर घेऊन झोपले, चार वाजता आईशी बाथरूमच्या गळक्या नळावरून वाद घातला. मी निघाले तेव्हा ते जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "त्या दाण्यांचं बघ हं जरा. तुमच्याकडे कुणी जाणकार असेल तर." मी म्हटलं, "बघते."

सोमवारी सकाळी सात चाळीसला आईचा फोन आला. "तू ये," एवढंच म्हणाली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "तू आधी ये." बाबा पेपर आणायला निघाले होते. दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. एका पायात बूट होता, दुसरा हातात.

पुढच्या दिवसांत माणसं आली, गेली. फॉर्म भरायचे होते, सही करायची होती, बंद करायच्या गोष्टी बंद करायच्या होत्या. चौथ्या दिवशी आई आंघोळीला गेली होती तेव्हा मी टेबलाशी बसले आणि बाबांची डबी उघडली. अठ्ठावीस गोळ्यांच्या अर्ध्या छप्पन्न. मी त्या चिमट्याने एकेक करून मोजल्या, कारण बोटांनी मोजायचं धाडस होईना. पंचावन्न होत्या. पुन्हा मोजल्या. पंचावन्न.

आई बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "सोमवारी सकाळी बाबांनी गोळी घेतली होती का?"

"घेतली की. सहाला. त्यांची गोळी कधी चुकलीय? का गं?"

"फॉर्मवर लिहायचंय."

कुठल्याही फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

नवव्या दिवशी मी कामावर गेले. टेबलावर पुनर्मुद्रणाची प्रुफं येऊन पडली होती आणि वरचंच हिरव्या खोक्याचं होतं. खप चांगला होता. मी पेन्सिल घेतली आणि पहिल्यांदाच ते पत्रक वाचलं, म्हणजे एखादं घरचं माणूस वाचेल तसं. तिसऱ्या घडीशी पोचले. ही गोळी मोडू नये. का मोडू नये, हे पत्रकात कुठेही नव्हतं. पत्रकं कधीच कारण देत नाहीत. बाबांनी ते वाचलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता, आणि मला त्याचं उत्तर खरंच माहीत नव्हतं. मी दुपारी सुट्टी टाकली.

घराजवळच्या औषधाच्या दुकानात एक बाई आहेत. त्या आणि बाबा वीस वर्षं एकमेकांची चेष्टा करत. ते म्हणत, तुमचं भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे. त्या म्हणत, तुम्ही माझा धंदा अर्ध्यावर आणलात. मला बघून त्या काउंटरमागून बाहेर आल्या आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. मग रांग वाढली म्हणून परत आत गेल्या. पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी हिरवं खोकं दिलं. "कंपनी बदलली आहे," त्या न बघता म्हणाल्या. "औषध तेच."

माझंच वाक्य होतं ते. कदाचित मी ते त्यांच्याकडूनच उचललं असेल.

रांग सरल्यावर मी विचारलं, "ही गोळी मोडली तर काय होतं?"

"मोडायची नसते."

"हो, पण होतं काय?"

त्यांनी चष्मा वर केला. असं कुणी विचारत नसावं, कारण त्यांच्या आवाजात एकदम उत्साह आला. "हे बघ. हे औषध चोवीस तास थोडं थोडं पाझरायला हवं. निळ्या खोक्यातली होती ना, तिच्यात बारीक दाणे होते, आणि दर दाण्याला स्वतःचं आवरण. गोळी मोडली तरी दाणे शाबूत. म्हणून तर तिला मध्ये रेघ दिली होती, मोडा म्हणून. हिला एकच आवरण आहे, बाहेरून. ते फुटलं की दिवसभराचं औषध तासाभरात अंगात. आणि संध्याकाळी काहीच नाही."

म्हणजे स्क्रू उगाच नव्हता. दाण्यांचं मी बघितलं होतं, दहा दिवस उशिरा.

"मग निळं खोकं घेता येतं?"

"येतं की. आठपट पैसे मोजून. नाहीतर हीच गोळी लहान डोसाची, यादीतली. अख्खी गिळायची. पण मग खोकं दर महिन्याला. इथे लोक पाच-पाच औषधं घेतात गं. त्यांना विचार, एक खोकं वाढलं तर काय होतं ते."

"सरकारला एवढं कळत नाही?"

"कळतं. निळं काढून हिरवं घेतलं, त्यात जे वाचलं त्यातून एक नवं इंजेक्शन यादीत आलं. माझ्या बहिणीला तेच चालू आहे. पूर्वी ती घर विकायच्या गोष्टी करायची." त्यांनी खोकं सरळ करून ठेवलं. "मला सांग, शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "घड्याळजींनी हिरवी कापली होती का?"

"मी पत्रकासाठी विचारतेय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

डॉक्टरांकडे मात्र मी खरं सांगितलं, निदान निम्मं. बाबांनी नवी गोळी कापली होती आणि सोमवारी सकाळी एक अर्धी घेतली होती, इतकं. मला ठाऊक होतं हे नाही सांगितलं. डॉक्टरांनी कागद चाळले.

"मी औषधाचं नाव लिहितो. कंपनी लिहायची मला मुभा नाही," ते म्हणाले. "निळी हिरवी कधी झाली, ते मलाही दुकानातून कुणी कळवत नाही. तरी विचारायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं." एवढं सरळ बोलतील असं मला वाटलं नव्हतं. "त्यांच्या रक्तवाहिन्यांचं मी दोन वर्षं सांगत होतो, तपासून घ्या म्हणून. ते म्हणायचे, चालतंय तोवर उघडायचं नाही."

"घड्याळं तर चालत असली तरी उघडायचे."

ते किंचित हसले. मग म्हणाले, "एका अर्ध्या गोळीने माणूस जात नाही." कागद मिटत त्यांनी जोडलं, "बहुधा."

मी ते वाक्य घेऊन घरी आले. शेवटचा शब्द काढून टाकता आला असता तर किती बरं झालं असतं. माझ्या कामात मी असे शब्द कधी काढू देत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी आईकडे गेले. सकाळी दहा वाजता तीन वाट्यांत पाणी घेतलं आणि त्या बाबांच्या टेबलावर मांडल्या. खणाच्या तळाशी एका डबीत निळ्या खोक्यातल्या दोन अर्ध्या गोळ्या उरल्या होत्या. त्यातली एक पहिल्या वाटीत टाकली. दुसऱ्या वाटीत हिरवी अख्खी, दुकानातून नवी आणलेली. तिसरीत बाबांच्या डबीतली हिरवी अर्धी. आता चोपन्न राहिल्या. मग भिंग लावून बसले.

"वाट्या कशाला काढल्यास?" आई म्हणाली.

"बघतेय."

"काय बघतेयस?"

"माहीत नाही अजून."

घड्याळ उघडून बसलेले असताना बाबांचं हेच उत्तर असायचं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

पाच मिनिटांत निळी अर्धी कोसळली आणि तळाशी दाणे पसरले. भिंगातून एकेक दाणा वेगळा दिसत होता, गोल, चकचकीत, पाण्याला दाद न देणारा. दुसऱ्या वाटीतली अख्खी गोळी होती तशीच होती, जरा फुगल्यासारखी. तिसऱ्या वाटीत मात्र कापलेल्या बाजूने पांढरा धूर निघावा तसं औषध निघत होतं. वीस मिनिटांत पाणी दुधासारखं झालं आणि त्यात आवरणाचं रिकामं टरफल तेवढं तरंगत राहिलं.

आईने माझ्याकडून भिंग घेतलं आणि तिन्ही वाट्या पाहिल्या. "त्यांना आवडलं असतं हे," ती म्हणाली. "दिवसभर हललेच नसते इथून." तिने विचारलं नाही की यातली बाबांची कोणती.

दार वाजलं. पहिल्या मजल्यावरच्या शिवणबाई होत्या. त्यांनी आमच्या सगळ्यांचे कपडे शिवलेत; माझ्या शाळेचा गणवेशसुद्धा त्यांनीच. भिंतीचा आधार घेत त्या आत आल्या.

"बसा बसा," आई म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही गं, सकाळची चक्कर. दोन आठवडे झाले. उठलं की घर फिरतं आणि संध्याकाळी छाती धडधडते. काल सुईत दोरा ओवायला अर्धा तास. हे म्हणतात, घड्याळजी गेल्याचं मनावर घेतलंस." त्यांनी पिशवीतून एक खोकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. हिरवं. "माझ्या आहेत अजून, त्यांनी जाता जाता करून दिल्या ना त्या रविवारी. हे आमच्या ह्यांचं. दोघांना एकच गोळी, बक्षीस जोडीने मिळाल्यासारखी. मी म्हटलं, बघावं, कुणी कापून देतंय का."

"ही देईल की," आई म्हणाली. "हिला बापाचा हात आहे. दे गं."

तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी काहीतरी सैल झालं होतं. टेबल चालू राहणार, रविवारी दार वाजणार, कप उचलून लोकांना घालवावं लागणार. मी खोक्याकडे पाहत राहिले. त्या रविवारी मी पोचण्याआधी जी तीन खोकी झाली होती, त्यात कुणाची कोणती गोळी होती हे मी एकदाही विचारलं नव्हतं. दोन आठवडे मी फक्त बाबांच्या अर्ध्या मोजत होते.

"बाई, तुमची डबी कुठे आहे?"

"घरी. का?"

"त्यातली गोळी आता घेऊ नका. डॉक्टरांच्या दवाखान्यात रविवारी नर्स असते, तिला आत्ता फोन करू. काय घ्यायचं ते ती विचारून सांगेल. एकदम बंदही करायची नसते." मी त्यांना वाट्या दाखवल्या. ही जुनी, ही नवी अख्खी, ही नवी कापलेली. त्या वाकून बघत राहिल्या. कापडाची प्रत पारखावी तसं त्यांनी तिसऱ्या वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून चोळून पाहिलं.

"म्हणजे हे सगळं माझ्या पोटात एकदम?"

"हो."

"म्हणून चक्कर?"

"असू शकेल. बहुतेक तेच."

मी दवाखान्याला फोन लावला. नर्सने नाव लिहून घेतलं, बाईंना दोन प्रश्न विचारले, आणि सांगितलं की डॉक्टर तासाभरात स्वतः फोन करतील. तोवर बाईंनी बसून राहावं, एकटीने जिना उतरू नये. फोन ठेवल्यावर बाई बोटांवर काहीतरी मोजून म्हणाल्या, "मग आता आमची खोकी दुप्पट. दोघांची. दर महिन्याला."

"लहान डोसाची घेतली तर हो."

"हं." त्यांनी टेबलावरचा पितळी साचा उचलला, फिरवून पाहिला, ठेवला. "मला एक कळत नाही. घड्याळजी एवढी भिंगं लावून बसायचे. दुसऱ्याच्या घड्याळातला केस दिसायचा त्यांना. आणि हे दिसलं नाही? आम्ही डोळे मिटून घेत होतो त्यांच्या भरवशावर."

आईची मान ताठ झाली. "त्यांनी कुणाचं वाईट व्हावं म्हणून केलं नाही काही."

"नाही गं, तसं कुठे म्हणतेय मी. पण चुकलेच ना ते?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी वाचणारी, मी तिच्या घरातली शिकलेली; मी काहीतरी म्हणेन अशी तिला खात्री होती. म्हणायला सोपं होतं. चूक कुणाकडूनही होते, वय झालं होतं, कंपनी बदलली हे कुणी सांगितलंच नाही. त्यातलं शेवटचं तर ऐकायला अगदी खरं वाटलं असतं. बाई मान हलवून घरी गेल्या असत्या, आणि इमारतीत चार मजल्यांवर एवढंच राहिलं असतं की घड्याळजी शेवटी शेवटी चुकायला लागले होते.

"बाबा चुकले नाहीत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच प्रूफ मोठ्याने वाचल्यासारखा वाटला, सपाट. "त्यांना दिसलं होतं. आतलं वेगळं आहे हे त्यांनी स्वतःच्या पहिल्याच गोळीला ओळखलं. मला भिंगातून दाखवलं आणि विचारलं, का गं, आतलं बदललंय का. आई, या गोळीचा कागद मी तपासलाय. चार वेळा. त्यात लिहिलंय की ही मोडायची नाही. मला माहीत होतं. त्यांनी मला विचारलं आणि मी म्हटलं, औषध तेच. सोमवारी सहाला त्यांनी त्यातलीच अर्धी घेतली. मला माहीत होतं, आई, आणि मी त्यांना सांगितलं नाही."